परसातील दुर्बीण आणि नेत्रिकेची निवड

११४ मिलिमीटर व्यासाचा आरसा आणि ९०० मिलिमीटर केंद्रांतर असलेली जी छोटी परावर्ती दुर्बीण आज पुष्कळ घरांतून पोचली आहे, तिच्या खोक्यावर बहुधा ‘६७५ पट’ हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. आणि हा आकडा अंकगणिताच्या दृष्टीने खोटा नसला, तरी आकाशाच्या दृष्टीने सर्वस्वी निरर्थक आहे, हे ती विकत घेणाऱ्या गृहस्थास पहिल्या रात्रीच कळून चुकते. ९०० ला खोक्यातल्या ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेने भागले की २२५ येतात, सोबतच्या तिप्पट वाढीच्या बार्लो भिंगाने त्यांचे ६७५ होतात, आणि या भागाकार-गुणाकाराच्या शेवटी गुरूच्या जागी एक मळकट, थरथरणारा, कडा विरघळलेला ठिपका तेवढा पदरी पडतो. दोष बहुधा आरशाचा नसतो. प्रकाशाची जी काही जमा व्हावयाची ती आरसा करून मोकळा झालेला असतो; त्या जमेच्या खर्चाची तजवीज मात्र नेत्रिकेकडे, म्हणजे छंदिष्टांच्या बोलीतील ‘आयपीस’कडे, असते, आणि उत्पन्नाचा अंदाज न घेता केलेला खर्च जसा अंगाशी येतो, तसाच हाही येतो. नेत्रिका कशी निवडावी, या प्रश्नाचे उत्तर या एका हिशेबात सामावलेले आहे.

हा हिशेब ज्या स्थळाच्या आकाशासाठी मांडावयाचा ते स्थळ येथे कंग्राळी घेतले आहे. बेळगाव शहराच्या वायव्येस, मार्कंडेय नदीच्या परिसरात वसलेली कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक ही दोन गावे सुमारे १६ उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहेत. पावसाळ्याचे चार महिने येथे दुर्बीण बाहेर काढण्याची सोय नसते. परंतु दिवाळीनंतर आकाश निवळले म्हणजे परसदारी किंवा गच्चीवर उभ्या राहणाऱ्या निरीक्षकाला एक असा लाभ मिळतो की ज्याचा लंडनच्या ज्योतिर्विदांनी हेवा करावा. ग्रह ज्या क्रांतिवृत्ताच्या आसपास फिरतात ते विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस सुमारे साडेतेवीस अंशच सरकत असल्याने, कंग्राळीच्या मध्यान्हवृत्तावर आलेला ग्रह क्षितिजापासून पन्नास अंशांच्या फारसा खाली कधी राहत नाही आणि पुष्कळदा तर तो थेट माथ्याजवळून जातो. लंडनमध्ये मात्र धनू राशीतला ग्रह जेमतेम पंधरा अंश वर येतो आणि वातावरणाच्या जाड, अस्थिर थरातून पाहावा लागतो. उंचावरचा ग्रह हवेच्या कमी जाडीतून दिसत असल्यामुळे अधिक विशालन सोसतो. म्हणून मोठ्या विशालनाची नेत्रिका येथे वर्ज्य नाही. ती केव्हा आणि किती, एवढाच प्रश्न आहे.

आता यंत्राकडे वळू. विवेचनाच्या सोयीसाठी १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर केंद्रांतराचा आरसा असलेली, साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी दुर्बीण डोळ्यांसमोर ठेवू. सहा इंची आरसा स्वतःच्या हाताने घासून तयार करण्याची परंपरा महाराष्ट्रातील हौशी मंडळींत चांगली रुजलेली असून, पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने तिला कार्यशाळांच्या रूपाने मोठे उत्तेजन दिले आहे. असा आरसा आपल्या केंद्रापाशी आकाशाची एक लहानशी प्रतिमा निर्माण करतो. चंद्राची प्रतिमा, उदाहरणार्थ, या दुर्बिणीत सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पडते. नेत्रिका म्हणजे ही चिमुकली प्रतिमा न्याहाळण्याचे भिंग, याहून अधिक काही नाही. तिचे केंद्रांतर जितके कमी, तितके विशालन अधिक: १२०० ला २५ ने भागले की ४८ पट, १० ने भागले की १२० पट, आणि ६ ने भागले की २०० पट. नेत्रिकेच्या कड्यावर कोरलेला आकडा हा तिच्या केंद्रांतराचा असतो, विशालनाचा नव्हे. म्हणूनच तीच १० मिलिमीटरची नेत्रिका ६५० मिलिमीटर केंद्रांतराच्या दुसऱ्या दुर्बिणीत घातली असता केवळ ६५ पट दाखवते.

प्रथम जमेची बाजू पाहू. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. १५० मिलिमीटरचा आरसा तिच्या मानाने साडेचारशे पटींहून थोडा अधिक प्रकाश गोळा करतो. ही रक्कम एकदा ठरली की नेत्रिका बदलून ती एका कणानेही वाढत नाही. विशालन दुप्पट केले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो आणि तेजोमेघासारख्या विस्तृत वस्तूची तेजस्विता एक चतुर्थांशावर येते. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी हे या खर्चाचे सोयीचे माप होय. नेत्रिकेच्या केंद्रांतराला दुर्बिणीच्या गुणोत्तराने, म्हणजे आरशाचे केंद्रांतर भागिले त्याचा व्यास या संख्येने, भागले की ही जाडी मिळते. आपल्या दुर्बिणीचे गुणोत्तर १२०० भागिले १५०, म्हणजे ८ आहे. तेव्हा ३२ मिलिमीटरची नेत्रिका ४ मिलिमीटर जाडीची शलाका देते, १६ ची २ मिलिमीटरची, आणि ४ ची अवघ्या अर्ध्या मिलिमीटरची.

खर्चाच्या दोन्ही मर्यादा या एका मापावरून ठरतात. शलाका बाहुलीपेक्षा जाड झाली तर कडेचा प्रकाश डोळ्यात न शिरता वाया जातो. वयाबरोबर बाहुलीचे विस्फारणे कमी होत जाऊन उतारवयात ते पाच मिलिमीटरांच्या आसपास येते, ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांसाठी नेत्रिका घेताना विसरू नये. दुसऱ्या टोकास, शलाका अर्ध्या मिलिमीटरहून बारीक झाली की प्रतिमा अंधूक होते आणि आपल्या स्वतःच्या डोळ्यांतील तरंगते कण तीत वावरू लागतात. वरच्या मर्यादेचे कारण प्रकाशाच्या तरंगस्वरूपात आहे. १५० मिलिमीटरचा आरसा पाऊण विकलेहून जवळ असलेले दोन बिंदू अलग दाखवू शकत नाही. नुसता डोळा साधारण एक कलेपर्यंतचे अंतर कष्टाने आणि दोन कलांपर्यंतचे सुखाने ओळखतो. म्हणजे दीडशे पटींच्या सुमारास आरशाजवळचा सर्व तपशील डोळ्याच्या स्वाधीन झालेला असतो, आणि त्यापुढचे विशालन नवे काही न दाखवता आहे तेच मोठे करते. डोळ्याला थोडी सवड मिळावी म्हणून आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुपटीपर्यंत, म्हणजे येथे तीनशे पटींपर्यंत, जाण्याची मुभा परंपरेने दिलेली आहे; पण हवा स्थिर असलेल्या निवडक रात्रीच ती उपयोगी पडते. हाच नियम ११४ मिलिमीटरच्या आरशास लावला म्हणजे २२८ ही मर्यादा निघते, आणि खोक्यावरच्या ६७५ ची रुजुवात होते.

विशालनाची हाव सोडण्यास इतिहासही मदत करतो. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे उपग्रह पाहिले ते सुमारे वीस पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून. आपल्या २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेचे ४८ पट विशालन त्याच्या दुपटीहून अधिक आहे. पण नेत्रिका बदलण्यामागची बुद्धी शिकावयाची तर विल्यम हर्शेलकडे जावे. १३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडातील बाथ या गावी, घराच्या मागच्या बागेत, सुमारे सव्वासहा इंच व्यासाच्या म्हणजे जवळजवळ आपल्याच दुर्बिणीएवढ्या आरशातून पाहत असता, त्याला २२७ पट विशालनात एक तारा इतरांहून काहीसा स्थूल दिसला. त्याने नेत्रिका बदलून ४६० आणि नंतर ९३२ पट विशालन लावले. स्थिर तारे त्या प्रमाणात वाढले नाहीत, कारण ते बिंदुरूप असतात. ही वस्तू मात्र विशालनाबरोबर वाढत गेली आणि तिच्या कडाही अस्पष्ट होत गेल्या, म्हणजे तिला बिंब होते. प्रथम धूमकेतू समजली गेलेली ही वस्तू पुढे युरेनस ग्रह ठरली. ९३२ पट हे विशालन सुंदर दर्शनासाठी नव्हते, परीक्षेसाठी होते. आणि ती परीक्षा आजचा नवशिका ४८ आणि २०० पटींत स्वतः करून पाहू शकतो, कारण या दशकाच्या उत्तरार्धात युरेनस वृषभ राशीत असून त्याचे साडेतीन विकलांहून थोडे मोठे हिरवट बिंब दोनशे पटींत स्पष्ट वेगळे पडते.

या हर्शेलचाच नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी बेळगावपासून फार दूर नसलेल्या, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात येऊन दाखल झाला होता. पावसाळी ढगांनी त्याला पुष्कळ सतावले; तथापि मिळालेल्या थोड्या सवडीत त्याने दुर्बिणीच्या डोळ्याकडील टोकास जोडलेल्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा प्रकाश पाहिला आणि त्यात अखंड पट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा आढळल्या, ज्यांवरून त्या ज्वाला वायुरूप आहेत असे सिद्ध झाले. भिंगाने गोळा केलेला प्रकाश तोच. त्याच्या शेवटच्या टोकाला काय जोडले यावर उत्तर अवलंबून राहिले. नेत्रिकेची निवड याच जातीची आहे: आज रात्री आकाशाला कोणता प्रश्न विचारावयाचा हे आधी ठरले, तरच ती नीट होते.

नेत्रिकांच्या बनावटीत जे भेद आहेत त्यांतील थोडेच नवशिक्याच्या कामाचे आहेत. ‘एच’ हे अक्षर कोरलेली नेत्रिका सतराव्या शतकातील हायगेन्सच्या रचनेची, दोन भिंगांची असते. ‘एस आर’ ही अक्षरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील रॅम्सडेनच्या रचनेची निदर्शक आहेत. या जुन्या रचना लांब, चिंचोळ्या दुर्बिणींसाठी होत्या. १३० मिलिमीटर व्यास आणि ६५० मिलिमीटर केंद्रांतर अशा, ५ गुणोत्तराच्या आखूड दुर्बिणीत त्यांच्या कडेची प्रतिमा फिसकटते. १८४९ ची केल्नर रचना तीन भिंगांची व बरीच सुधारलेली आहे. व्हिएन्नाच्या प्लॉस्लने १८६० मध्ये दोन जोडभिंगे समोरासमोर ठेवून जी रचना केली, तिचेच सुधारलेले रूप आज माफक किमतीत सर्वत्र मिळते. सुमारे ५० अंशांचे भासमान क्षेत्र आणि स्वच्छ प्रतिमा यांमुळे नवशिक्यासाठी तिचीच शिफारस करावी लागते. १९८० च्या सुमारास अल नेगलर या अमेरिकन रचनाकाराने ८२ अंशांचे क्षेत्र दाखवणारी नेत्रिका बाजारात आणली आणि पाहणाऱ्याला नळीतून डोकावल्याचा भास न होता खिडकीपाशी उभे असल्याचा प्रत्यय दिला. पण या जातीच्या नेत्रिकेची किंमत कधीकधी नवशिक्याच्या दुर्बिणीच्या किमतीच्या बरोबरीची होते.

रुंद क्षेत्राचा लाभ केवळ शोभेचा नाही. भासमान क्षेत्राला विशालनाने भागले की आकाशाचा किती भाग दिसतो ते कळते. ५२ अंशांची ६ मिलिमीटरची नेत्रिका आपल्या दुर्बिणीत जेमतेम पाव अंश आकाश दाखवते. पृथ्वी दर सेकंदास पंधरा विकला फिरत असल्याने, यंत्राने न चालणाऱ्या बैठकीवर विषुववृत्ताजवळचा ग्रह एका टोकाकडून दुसऱ्या टोकास सुमारे एका मिनिटात जातो. घरातील पाच माणसे रांगेत उभी असता, दर माणसामागे दुर्बीण पुन्हा नेमावी लागते. ८२ अंशांच्या नेत्रिकेत हीच सवड दीड मिनिटाहून थोडी अधिक मिळते. हाताने हलवावयाच्या दुर्बिणीसाठी ग्रह पाहण्याची एखादी ६० ते ६८ अंशांची, ६ किंवा ९ मिलिमीटरची मध्यम किमतीची नेत्रिका घेणे म्हणूनच चैनीत मोडत नाही.

चष्मा लावणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची चौकशी केली पाहिजे, ती म्हणजे भिंगापासून किती अंतरावर डोळा ठेवला असता पूर्ण क्षेत्र दिसते. प्लॉस्ल रचनेत हे अंतर केंद्रांतराच्या सुमारे सत्तर टक्के असते. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेत ते ७ मिलिमीटर म्हणजे पापण्या काचेला टेकण्याइतके कमी, तर चष्म्यासह पाहण्यास पंधरा ते वीस मिलिमीटर लागतात. ज्यांचा नंबर केवळ जवळचा वा दूरचा आहे, त्यांनी चष्मा काढून दुर्बीण पुन्हा जुळवून घ्यावी, काम भागते. ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे, त्यांना मात्र जाड शलाकेच्या कमी विशालनात चष्मा हवाच. शलाका बारीक झाली की डोळ्याचा थोडाच भाग वापरला जात असल्याने तो दोष आपोआप कमी जाणवतो.

नळीच्या मापाकडेही पाहावे. सव्वा इंच हे आजचे प्रचलित माप आहे. जुन्या किंवा अगदी स्वस्त दुर्बिणींना २४.५ मिलिमीटरची बारीक नळी असते, तिच्यात चांगल्या नेत्रिका बसत नाहीत, म्हणून अशी दुर्बीण घेण्यापूर्वीच विचार करावा. दोन इंची नळी मोठ्या क्षेत्रासाठी आहे. सव्वा इंची नळीत ५० अंशांची ३२ मिलिमीटरची नेत्रिका ही शक्य तितके सारे आकाश दाखवते. त्याच नळीतील ४० मिलिमीटरची नेत्रिका विशालन कमी करते, पण नळीची रुंदी तीच असल्यामुळे आकाशाचा एकही अधिक तुकडा देत नाही.

आता कंग्राळीच्या आकाशात हे सर्व लावून पाहू. शहराच्या दिव्यांचा उजेड आग्नेयेकडून चढतो, आणि दक्षिणेकडील काही उत्तम वस्तू त्याच बाजूस क्षितिजालगत असतात. अगस्त्य येथे एकवीस-बावीस अंश वर येतो. नरतुरंगातील ओमेगा हा भव्य गोलाकार तारकागुच्छ मे महिन्यातील रात्री सुमारे सत्तावीस अंशांवर मध्यान्हवृत्त ओलांडतो, जो लंडनहून कधीच दिसत नाही. कृत्तिका, वृश्चिकाच्या शेपटीजवळचे दोन मोठे तारकागुच्छ, देवयानी दीर्घिका या पसरट वस्तूंसाठी ३२ किंवा २५ मिलिमीटरची नेत्रिका योग्य. ३२ ची नेत्रिका सव्वा अंशाहून अधिक आकाश कवेत घेते. पण आकाश पूर्ण काळे नसेल, तर अंधूक दीर्घिकांसाठी २ मिलिमीटरच्या आसपासची शलाका अधिक हितावह ठरते, कारण विशालनाने वस्तूबरोबर पार्श्वभूमीचा उजेडही मंदावतो आणि मोठी झालेली अंधूक वस्तू डोळ्याला सहज जाणवते. शनीची कडी पन्नास पटींतही दिसतात. गुरूचे पट्टे, शनीच्या कड्यांमधील काळी फट आणि जवळचे जोडतारे यांसाठी दीडशे ते दोनशे पट हवेत. तारे लुकलुकत असतील त्या रात्री मोठे विशालन बाजूस ठेवावे. दुर्बीणही खोलीतून बाहेर आणल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी, म्हणजे आरसा बाहेरच्या थंडीशी जुळवून घेतो.

खरेदीची तजवीज याच क्रमाने करावी. प्रथम ३२ मिलिमीटरची प्लॉस्ल आणि नंतर १२ मिलिमीटरच्या जवळपासची एक नेत्रिका घ्यावी, आणि तिसऱ्या खरेदीत दुप्पट वाढीचे, दोन काचांचे चांगले बार्लो भिंग. हे भिंग पीटर बार्लो या इंग्लिश गणितज्ञाच्या नावाने १८३० नंतरच्या दशकापासून ओळखले जाते आणि ते नेत्रिकेचे केंद्रांतर जणू निम्मे करते; म्हणजे या तीन वस्तूंतून ३७, ७५, १०० आणि २०० अशी विशालनांची चार पायऱ्यांची सोय होते. २० आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिका घेऊन त्यांस दुप्पट बार्लो जोडणाऱ्यास मात्र २० ची दुप्पट आणि १० ची एकेरी ही एकच पायरी दोनदा मिळते, आणि पैसे फुकट जातात. आखूड ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २५ मिलिमीटरची नेत्रिका पहिली आणि ६ ची दुसरी घ्यावी. ८ ते २४ मिलिमीटरची झूम नेत्रिका मोहक दिसते, पण कमी विशालनात, म्हणजे जेथे रुंदी हवी नेमके तेथेच, तिचे क्षेत्र अरुंद होते. खोक्यातील ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि तिप्पट बार्लो यांना कपाटात विश्रांती द्यावी. शक्य असेल तर १९४४ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या एखाद्या संस्थेच्या आकाशदर्शनास जाऊन, आपल्याला हव्या त्या मापाची नेत्रिका दुसऱ्याच्या दुर्बिणीत आधी पाहून घ्यावी.

दोन सूचना तडजोडीस जागा ठेवत नाहीत. नेत्रिकेला फिरवून बसवण्याचा काळा ‘सन’ फिल्टर खोक्यात निघाला तर तो फेकून द्यावा. तो आरशाने एकवटलेल्या उष्णतेने ऐन वेळी तडकतो आणि दृष्टी कायमची जाते. सूर्य पाहावयाचा तर खास गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावरच लावली पाहिजे, आणि दिशादर्शक छोटी दुर्बीणही झाकली पाहिजे. दुसरी सूचना बेळगावच्या पावसाची आहे. जून ते सप्टेंबरच्या सर्द हवेत काचेवर बुरशी धरते आणि तिने एकदा लेप खाल्ला की तो परत येत नाही. म्हणून मृगाआधीच नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, पुड्या ओलावा धरू लागल्या की तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात, आणि काचेवरची धूळ सदऱ्याच्या टोकाने न पुसता रबरी फुंकणीने उडवावी. एवढी काळजी घेतली तर दोन नेत्रिका आणि एक बार्लो एवढ्या सामग्रीवर या दुर्बिणीचे पुष्कळ हिवाळे निघतील, आणि तिसऱ्या नेत्रिकेची गरज खरोखरच कोणत्या वस्तूसाठी आहे, हे तोवर निरीक्षकाला स्वतःच सांगता येईल.